चूल एक, काडेपेट्या तीस

काँप्युटरच्या पोटातली डिस्क काढून घेतली, तर सकाळी उठल्यावर 'आपण कोण' हे तरी त्याला आठवायचं कसं? हा प्रश्न कुणा वेदान्त्याला नव्हे, १९८०च्या दशकातल्या हिशेबी माणसांना पडला. हार्ड डिस्क महाग. मग प्रत्येक यंत्राची चूल वेगळी कशाला? एका सर्व्हरवर सगळ्यांचा स्वयंपाक करावा आणि बाकीच्यांनी तारेवरून वाढून घ्यावं! बेत फर्मास होता. अडचण एवढीच, की तारेवरून वाढून घ्यायलासुद्धा आधी जागं व्हावं लागतं.

ते शहाणपण नेटवर्क कार्डावरच्या रॉम चिपमध्ये भरता येई. सप्टेंबर १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिल्मोर यांनी 'बूटपी' नावाची रीतही लिहून काढली. यंत्रानं जागं होताच "मी कोण?" अशी आरोळी ठोकायची, सर्व्हरनं पत्ता सांगायचा आणि काय मागवायचं तेही. पण चिप म्हणजे जादा खर्च. त्यापेक्षा फ्लॉपी बरी! शिवाय घराणं पाहा : आयबीएमनं १९७१ साली फ्लॉपी बाजारात आणली, ती मुळी मोठ्या यंत्रांना सुरुवातीचे धडे पढवायलाच.

झालं! चूल एक झाली, पण काडेपेट्या तीस. सर्व्हरवरचा प्रोग्राम एकदा बदलला की काम भागे. फ्लॉपीवरचा बदलायचा तर तीस टेबलं हिंडायची. त्यातली एक फ्लॉपी हमखास साहेबांच्या कपाटात, आणि साहेब रजेवर! कार्डाची जात बदलली की फ्लॉपीही बदला. ती घासून झिजणार, दमट हवेत तिला बुरशी येणार. १९८६ साली लाहोरहून निघालेला 'ब्रेन' व्हायरस तर नेमका फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच बिऱ्हाड करी. आणि डिस्क नाही, म्हणून कचेरीतली माहिती कुणी खिशात घालून नेणार नाही, ही जी खात्री होती, ती फ्लॉपीच्या फटीतून निघून गेली.

शेवटी १९९०च्या दशकाच्या अखेरीस इंटेलनं 'पीएक्सई' आणली. आरोळी ठोकायची विद्या यंत्राच्या अंगातच मुरली आणि फ्लॉपीला निवृत्ती मिळाली. आता तिच्या गादीवर पेनड्राइव्ह बसला आहे. तो झिजतो कमी. हरवतो मात्र जास्त, कारण अंगानं लहान.

एकत्र कुटुंबं चुलीवरून मोडतात म्हणे. मला वाटतं, काडेपेटी कुणाकडे ठेवायची, हे आधी ठरलेलं नसतं.