केबल बदलली की आवाज बदलतो का?

चार ऑडिओवेड्या मित्रांमध्ये हा प्रश्न नुसता टाकून बघा. लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "माझ्या कानाला फरक कळतो, विषय संपला." दुसरा म्हणतो, "तांब्याची तार ती तांब्याची तार, बाकी सगळे शेंडी लावायचे धंदे." गंमत म्हणजे हे भांडण स्टिरिओपेक्षाही जुनं आहे. चांगलं दीडशे वर्षांपूर्वीचं!

१८५८ साली आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी तारायंत्राची केबल अटलांटिकच्या तळाशी टाकली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला साधारण १६ तास लागले. का? तर एवढी लांब केबल म्हणजे एक अवाढव्य कपॅसिटरच. ती आधी भरणार, मग रिकामी होणार. इकडून दिलेला टोकदार ठोका तिकडे पसरट होऊन पोचायचा. विल्यम थॉमसनने (म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन) हे आधीच गणिताने मांडलं होतं: लांबी दुप्पट केली की उशीर चौपट.

कंपनीचा इलेक्ट्रिशियन होता वाइल्डमन व्हाइटहाउस, मूळचा सर्जन. त्याला हे गणित पटलं नाही. "मी स्वतः प्रयोग केलेत" हा त्याचा मुद्दा. सिग्नल नीट जाईना तेव्हा त्याने सुमारे २००० व्होल्टचे झटके दिले. आधीच कच्ची असलेली ती केबल महिन्याभरात कायमची गप्प झाली. १८६६ साली जाड तांबं आणि जाड आवरण वापरून 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने टाकलेली केबल मात्र टिकली. याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई-एडन केबल टाकली आणि आपली मुंबई समुद्राखालून लंडनला जोडली गेली.

मग आला टेलिफोन. लांबच्या लायनीवर बोलणं घोगरं ऐकू यायचं, कारण वरच्या फ्रीक्वेन्सी जास्त क्षीण होतात. १८८७ च्या सुमारास ऑलिव्हर हेविसाइडने दाखवलं की लायनीचा इंडक्टन्स योग्य प्रमाणात वाढवला तर सगळ्या फ्रीक्वेन्सी सारख्याच क्षीण होतील आणि आवाज विकृत होणार नाही. म्हणजे केबलने आवाज बदलतो हे विज्ञानाने कधीच मान्य केलंय. पण ती गोष्ट शेकडो किलोमीटरची!

आता आपल्या हॉलमध्ये या. २०,००० हर्ट्झची तरंगलांबी केबलमध्ये अंदाजे १० किलोमीटर भरते. आपली तार ५ मीटर. 'ट्रान्समिशन लाइन्स'चा पेपर कसाबसा काढलेल्यालाही कळेल की इथे तो धडा लागूच होत नाही. उरतो मुख्यतः रेझिस्टन्स. १.५ चौरस मिलिमीटरची, घरच्या वायरिंगला वापरतात तेवढी जाड तार घेतली तर जाऊन-येऊन १० मीटरला साधारण ०.१२ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला जेमतेम ०.१ डेसिबलचा फरक. उलट, केसासारखी बारीक २४ गेजची तार घेतली तर ०.८ ओहमच्या वर, आणि फरक जवळजवळ १ डेसिबल. हा मात्र कानाला कळू शकतो.

त्यामुळे नोएल ली या इंजिनिअरने १९७९ च्या सुमारास अमेरिकेत 'मॉन्स्टर' ही जाड केबल विकायला काढली, तेव्हा त्यात तथ्य होतंच. लोक खरोखर फालतू तारा वापरत होते. प्रश्न पुढचा: जाडी पुरेशी झाल्यावर वरचे पैसे कशाचे? १९८३ साली 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने कोणती केबल जोडलीय हे न सांगता लोकांना ऐकवलं. बारीक २४ गेजची तार ओळखू आली. पण समूहगायन ऐकताना साधी १६ गेजची तार आणि मॉन्स्टर वेगळ्या काढता आल्या नाहीत.

मला यात व्हाइटहाउस आठवतो. प्रयोग त्यानेही केले होतेच की! पण आपण चुकू शकतो अशी जागा प्रयोगात ठेवली नाही, तर तो प्रयोग नुसता आपल्या मताला मान डोलावतो. महागडी केबल स्वतःच्या हाताने जोडून, डोळ्यांनी बघत ऐकणं हे त्यातलंच. कान खोटं बोलत नाहीत हो, पण ऐकताना कान एकटे नसतात. डोळे असतात, खिशातून गेलेले पैसेही असतात.

तेव्हा केबल घेण्याआधी मित्राला पडद्यामागे उभं करा. त्याने नाणं उडवून केबल निवडावी, तुम्ही फक्त ऐकायचं. आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी, आणि निदान दहा-पंधरा फेऱ्या. ओळखता आली, तर खुशाल घ्या. नाही आली, तर ते पैसे चांगल्या स्पीकरला लावा.