ई-फेरफार
महाराष्ट्रातील जमीनहक्काच्या नोंदी अद्ययावत करणारी संगणक प्रणाली. नोंदणी विभागाची ‘आय-सरिता’ आणि महसूल विभागाचे अधिकार अभिलेख या दोन स्वतंत्र व्यवस्था तिने जोडल्या. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांतही याच पद्धतीने काम चालते.

पूर्वी खरेदीखताची वर्दी कागदावर तलाठ्याकडे जाई. आता दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदला, की व्यवहाराचा तपशील ऑनलाइन तलाठ्याकडे पोहोचतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 150 नुसार तो फेरफार नोंदवहीत (गाव नमुना 6) नोंद घेतो व हितसंबंधितांना नोटीस बजावतो. हरकतीसाठी 15 दिवस असतात. हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. हरकत आल्यास तक्रारीची चौकशी होऊन निर्णय दिला जातो.

जुनी हस्तलिखिते संगणकावर चढवताना राहिलेल्या चुका शोधण्यासाठी 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

दोन्ही तालुक्यांत आदिवासी खातेदार बरेच आहेत. त्यांची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करण्यास कलम 36अ अन्वये पूर्वपरवानगी लागते. प्रणाली जोडली गेल्याने ही अट सुटत नाही.