मान्यतेविनाची पदवी : हिंगण्याच्या महिला विद्यापीठातील विद्यार्थिनीजीवन

महाराष्ट्रातील खासगी विद्यापीठांचा इतिहास अलीकडच्या दोन-तीन दशकांतील कायद्यांपासून सुरू होतो अशी समजूत असली, तरी सरकारी सनद आणि सरकारी अनुदान या दोन्हींवाचून चालणारे विद्यापीठ पुण्याजवळच्या हिंगणे येथे ३ जून १९१६ रोजीच स्थापन झाले होते. धोंडो केशव कर्वे यांनी उभारलेले हे भारतवर्षीय महिला विद्यापीठ सरकारच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. त्यामुळे तेथील विद्यार्थिनींना जे स्वातंत्र्य मिळाले आणि त्याची जी किंमत मोजावी लागली, त्या दोहोंचे मूळ या एकाच वस्तुस्थितीत शोधावे लागते.

१८९६ मध्ये कर्वे यांनी विधवांसाठी काढलेला आश्रम १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर आला. १९०७ मध्ये त्याला कुमारिकांसाठीच्या महिला विद्यालयाची आणि पुढल्या वर्षी आजीव सेवकांच्या निष्काम कर्ममठाची जोड मिळाली. तोक्यो येथील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका हाती आल्यावर, १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्वे यांनी अशाच विद्यापीठाची कल्पना मांडली आणि वर्षभरात ती प्रत्यक्षात आणली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्याचे पहिले कुलपती झाले.

विद्यापीठाच्या महाविद्यालयास महिला पाठशाळा म्हणत आणि तिच्या आरंभीच्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या. त्यांच्या दृष्टीने पहिला मोठा फरक माध्यमाचा होता. मुंबई विद्यापीठात उच्च शिक्षण इंग्रजीतून चाले, त्यामुळे विषय समजण्याआधी परकी भाषा आत्मसात करण्यातच मुलींची उमेदीची वर्षे खर्ची पडत. हिंगण्यास मात्र इतिहास असो वा मानसशास्त्र, अध्यापन मातृभाषेतून होई आणि इंग्रजी हा एक आवश्यक विषय म्हणून शिकवला जाई. गांधीजींचा या उपक्रमाला पाठिंबा होता, तरी इंग्रजीची ही सक्ती त्यांना मान्य नव्हती. अभ्यासक्रमात आरोग्यशास्त्र, गृहव्यवस्था आणि बालमानस यांना दिलेले स्थान हे स्त्रीचे कार्यक्षेत्र घर हेच, या तत्कालीन धारणेचे द्योतक होते, आणि ही मर्यादा नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच चौकटीत, एरवी शिक्षण सुटलेच असते अशा मुलींना पदवीपर्यंत पोहोचता आले, हेही तितकेच खरे आहे.

ही पदवी 'गृहीतागमा', म्हणजे जिने विद्या ग्रहण केली आहे अशी, या नावाने दिली जाई. तिचा जी. ए. हा संक्षेप मुंबई विद्यापीठाच्या बी. ए.च्या जोडीने उच्चारला जात असला, तरी सरकारी नोकरीच्या दारात तिला मोल नव्हते. परिणामी येथील पदवीधर स्त्रिया मुख्यतः मुलींच्या शाळांतून शिक्षिका झाल्या आणि विद्यापीठाचा विस्तारही त्यांच्याच बळावर झाला.

पुण्यापासून सुमारे चार मैलांवरच्या, धड रस्ता नसलेल्या या माळावर वसतिगृह हाच विद्यार्थिनीजीवनाचा गाभा होता. ज्या समाजात विधवेचे दर्शनही अशुभ मानले जाई, त्याच समाजातील विधवा आणि कुमारिका येथे एका आवारात राहत, एका वर्गात बसत आणि एका पंक्तीत जेवत. ग्रंथांतून मिळणाऱ्या ज्ञानापेक्षा या सहवासाचा संस्कार खोलवर झाला असावा, असे आश्रमात शिकून पुढे संस्थेच्या कार्यासाठी अमेरिकेपर्यंत गेलेल्या पार्वतीबाई आठवले यांच्या आयुष्यावरून म्हणता येते.

वर्गण्या आणि लहानमोठ्या देणग्या यांवर चालणाऱ्या या संस्थेला १९२० मध्ये मुंबईचे उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली, तेव्हा विद्यापीठास त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईस गेले आणि माळावरच्या एकांताऐवजी महानगर हे विद्यार्थिनींचे नवे परिसर-विश्व ठरले.

विद्यापीठास वैधानिक मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर पस्तीस वर्षांनी. या दीर्घ वाटचालीचे श्रेय कर्वे आणि ठाकरसी यांना देण्याची प्रथा आहे व ती योग्यही आहे. तथापि खासगी विद्यापीठाची प्रतिष्ठा इमारती आणि देणग्या यांपेक्षा त्याच्या पदवीवर विद्यार्थ्यांनी टाकलेल्या विश्वासावर उभी राहते. बाजारात जिला किंमत नव्हती अशी पदवी घेण्यासाठी ज्या मुली हिंगण्यास आल्या आणि टिकल्या, त्यांनाच या विद्यापीठाच्या संस्थापकांत गणले पाहिजे.