हृद्‌रोहिणी विदारण, स्वयंस्फूर्त (स्कॅड)

इजा, शस्त्रक्रिया किंवा मेदसाठा हे कारण नसताना हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीच्या भित्तीत चीर पडणे वा रक्त साकळणे. पहिली नोंद १९३१ साली ४२ वर्षांच्या स्त्रीच्या शवविच्छेदनातून झाली. सुमारे ९०% रुग्ण स्त्रिया, बहुधा पन्नाशीच्या आसपास वा त्याआधीच्या. बाळंतपणानंतरही हा विकार उद्‌भवतो (पहा : हृदयविकाराचा झटका). निदान अँजिओग्राफीने होते. रक्तप्रवाह टिकून असल्यास स्टेंट टाळतात, कारण तार सरकवताना चीर वाढू शकते. बहुतेक चिरा काही आठवडे ते महिन्यांत आपोआप भरतात. गुठळी विरघळवणारी औषधे सहसा वर्ज्य, बीटा-रोधक उपयुक्त. मुख्य डावी रोहिणी बाधित वा प्रकृती अस्थिर असल्यास अँजिओप्लास्टी किंवा बायपास (पहा : बायपास शस्त्रक्रिया). तरुण स्त्रीची छातीदुखी पित्त समजून सोडू नये.