चादरीवरचा मोर

सोलापूरला आमच्या घरी मोर दोन ठिकाणी असे. दिवाळीत अंगणातल्या रांगोळीत आणि बारा महिने चादरीवर. हा पक्षी ख्रिस्ती देवळातही मानाने बसतो, असे त्या काळी कुणी सांगितले असते तर मी हसलोच असतो. आमच्याकडे ख्रिस्ती धर्म आला तो मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनबरोबर. १८१३ साली मुंबईत पाय रोवलेल्या या मंडळींच्या उपासनेत शब्दाला मान. चित्राला, मूर्तीला नाही. त्यामुळे चर्च म्हणजे कोरी भिंत, ही माझी बाळपणापासूनची समजूत.

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिसच्या देवळात शिरलो आणि ती समजूत उंबरठ्यावरच राहिली. हे देऊळ १६६१ सालचे. भिंती आणि छताच्या कमानी रंगीत वेलबुट्टीने नुसत्या बहरलेल्या! मला तर जेकॉर्ड मागावरचे कापडच कुणी भिंतीला लावले आहे असे वाटले. मग घरी येऊन पुस्तके चाळली. ख्रिस्ती भिंत पहिल्यापासूनच बोलकी आहे. रोमजवळच्या भुयारी दफनभूमीत, तिसऱ्या-चौथ्या शतकात, नांगर, मासा, द्राक्षवेल अशी चित्रे काढलेली आढळतात. नांगर म्हणजे आशा. ग्रीक भाषेत ‘मासा’ या शब्दाची पाच अक्षरे म्हणजे ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या शब्दांची आद्याक्षरे. आपल्या आया-बहिणी गोपद्म काढतात त्याच जातीचे हे काम. खूण लहान, अर्थ मोठा.

आणि तिथेच भेटला मोर! मोराचे मांस कुजत नाही अशी जुनी समजूत होती. संत ऑगस्टीनने तर कार्थेजला ते महिनाभर ठेवून पाहिल्याचे लिहिले आहे. (सणाच्या दिवशी हा तपशील वाचकांनी पोटात घालावा.) म्हणून मोर झाला अमरत्वाची खूण. आपल्या रानातला पक्षी समुद्रापार जाऊन तिथल्या देवाच्या दारी बसला, आणि त्याला कुणी परका म्हटले नाही.

उलट वाटेने निघालेल्या माणसाचे मात्र निराळे झाले. आंजेलो द फोन्सेका हे १९०२ साली गोव्यात जन्मलेले कॅथलिक चित्रकार. वैद्यकीचे शिक्षण सोडून ते शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ व नंदलाल यांच्या सहवासात कला शिकले आणि गोव्यात परतून त्यांनी मरियेला साडी नेसवली. स्वधर्मीयांनाच ते रुचले नाही. टीका इतकी झाली की त्यांनी गोवा सोडला. आसरा मिळाला तो पुण्याच्या ख्रिस्तप्रेमसेवाश्रमात, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली स्थापलेल्या संस्थेत. १९६७ साली निधन होईपर्यंत ते आपली भारतीय मरिया रंगवीत राहिले. आता त्यांची कितीतरी चित्रे गोव्यातच, पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये, जपून ठेवली आहेत.

त्यांतल्या एका चित्राची छापील प्रत मी आईला दाखवली. ही कोण, हे मुद्दामच सांगितले नाही. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “पदर डोक्यावरून घेतलाय. समोर कुणीतरी वडीलधारं असणार.”