खडीतलं गवत आणि आज्ञापत्र

चेन्नईला बदली झाली आणि एग्मोरमध्ये एक जुनं घर भाड्याने मिळालं. फाटकापासून पोर्चपर्यंत वीस-बावीस पावलांची खडीची वाट. आलो तेव्हा मे महिना, खडी कोरडी ठणठणीत. आपल्याकडे आषाढ-श्रावणात जे होतं ते इथे दिवाळीनंतर होतं, कारण इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून येणारा. नोव्हेंबर संपेपर्यंत वाटेवर हराळी आणि लव्हाळा असा माजला की चाकांच्या दोन रेघा तेवढ्या दिसत.

मी जुन्या सवयीने मिठाचं पोतं आणवलं. घराची राखण करणारे पेन्शनर हवालदार आडवे आले. "नको साहेब, कडुलिंब जाईल. विहीरही जवळ आहे."

मी गप्प झालो. लेफ्टनंट असताना एका इन्स्पेक्शनच्या आधी मीच खडीच्या रस्त्यावर मीठ टाकून घेतलं होतं. गवत गेलं, शेरा चांगला मिळाला. पुढच्या उन्हाळ्यात कडेची मेंदी वाळली आणि त्या पट्ट्यात नवीन काही लागेना. तोवर माझी बदली झाली होती. बातमी कळली, पण चूक माझी होती हे मी कोणाला सांगितलं नाही.

त्या रात्री आज्ञापत्र पुन्हा काढलं. 1715 च्या सुमाराचा हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा. खडकवासल्याला असताना त्यातलं दुर्गांचं प्रकरण वाचलं होतं, पण लक्षात राहिले ते दरवाजे, बुरूज आणि दारूगोळा. या वेळी डोळा दुसरीकडे थांबला. तटावर झाडं वाढतात, ती वरचेवर कापावीत. तटाचं आणि तटाखालचं गवत जाळावं. गडावरचा केर खाली न टाकता जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून भाजीपाला करावा. राज्य कसं राखावं हे सांगणाऱ्या ग्रंथात गवताला जागा आहे! कारण सैनिकाला समजावून सांगावं लागत नाही. उंच गवतात शत्रू लपतो आणि पिंपळाचं मूळ तोफेशिवाय तट फोडतं.

हे लिहिणारा माणूस कोण, तेही पाहा. राजाराम महाराज जिंजीत होते तेव्हा महाराष्ट्रातला कारभार सांभाळणाऱ्यांत रामचंद्रपंत प्रमुख होते. मोगलांचा जिंजीचा वेढा वर्षानुवर्षं चालला आणि किल्ला 1698 मध्ये पडला. त्या काळात किल्ला म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं असेल?

ती जिंजी इथून लांब नाही. जानेवारीत एग्मोर स्टेशनवरून तिंडिवनमची गाडी पकडली, पुढे बसने गेलो. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. राजगिरीच्या पायथ्याशी काही बायका विळ्यांनी दगडांच्या फटीतलं गवत खरवडत होत्या. तीनशे वर्षांनंतरही काम तेच, हत्यारही जवळपास तेच.

परत येऊन आम्ही दोघांनी वाट हाती घेतली. खडी बाजूला ओढल्यावर खरं कारण दिसलं. गवत बहुतेक खालून येत नव्हतं. कडुलिंबाची पानं खडीत कुजून तिथे माती झाली होती आणि वाऱ्याने आलेलं बी त्या मातीत रुजत होतं. म्हणजे नुसतं खाली कापड अंथरूनही भागलं नसतं. खडी चाळून माती काढली, खालचा मुरूम पाणी मारून धुम्मसने ठोकला, मध्ये थोडा उंचवटा ठेवला म्हणजे पाणी दोन्ही कडांना जाईल. कोवळ्या रोपांवर उकळतं पाणी चालतं. लव्हाळ्याला नाही. त्याच्या गाठी जमिनीत खोल असतात, वर कापलं की तो पुन्हा फुटतो. त्याला पावसानंतर ओल असतानाच खुरप्याने गाठीसकट काढायचं, तेही फुलोरा येण्याआधी.

आता दर रविवारी सकाळी अर्धा तास दंताळं फिरवतो आणि पानं उचलतो. ती राख नाही, खत होऊन भेंडीच्या वाफ्यात जातात. निघालेली हराळी हवालदार बाजूला ठेवतात. इथे तिला अरुगमपुल म्हणतात आणि आपल्या दूर्वांसारखीच ती पिळ्ळैयारला वाहतात.

मिठाची ती जुनी गोष्ट मात्र मी त्यांना सांगून टाकली. ते हसले नाहीत. म्हणाले, "इन्स्पेक्शन एक दिवसाचं असतं साहेब. गवत रोजचं."

जय हिंद.