पालघर, बोईसर-तारापूर : दवाखाना आहे, पण किती लांब?

आफ्रिकेतल्या खेड्यांतली हाडं दिसणारी मुलं आपण मोबाईलवर बघतो आणि हळहळतो. रमजानमध्ये आपल्यातली बरीच घरं तिकडे सदकाही पाठवतात, ते चांगलंच आहे. पण तशीच मुलं, तसेच आजार आणि तशीच दवाखान्यापर्यंतची पायपीट आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे, आणि बोईसर-तारापूरच्या आपल्या वस्त्यांना त्यातलं बरंच काही माहीत नसतं. म्हणून या जिल्ह्याच्या आरोग्याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. तालुके आठ : वसई, पालघर, डहाणू, तलासरी, विक्रमगड, वाडा, जव्हार आणि मोखाडा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथली लोकसंख्या ३० लाखांच्या आसपास आहे आणि त्यात एक तृतीयांशाहून जास्त लोक आदिवासी : वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी, महादेव कोळी आणि इतर. वसई-विरार म्हणजे जवळजवळ मुंबईच. बोईसर-तारापूर कारखान्यांचं. किनाऱ्यावर सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी ही मच्छीमारांची गावं. आणि पूर्वेला डोंगर. एकाच जिल्ह्यात आजारांचे इतके वेगवेगळे प्रकार क्वचितच सापडतील.

अंतराचा आजार

सरकारी नियम असा की डोंगरी-आदिवासी भागात ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवं. सपाट भागात हेच आकडे ५ हजार आणि ३० हजार. कागदावर हे ठीक वाटतं. पण मोखाड्यात २० हजार लोक म्हणजे कितीतरी विखुरलेले पाडे, मधे ओढे, आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की रस्ताच बंद. मग बाईला डोलीत घालायचं, म्हणजे बांबूला चादर बांधून दोघांनी खांद्यावर घ्यायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर दिवस भरण्याआधीच बाळंत झालेल्या बाईची जुळी मुलं वाचली नाहीत. रस्ता नसल्याने तिला सुमारे तीन किलोमीटर असंच उचलून न्यावं लागलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातली एक गरोदर बाई मोठ्या दवाखान्यात नेताना वाटेतच वारली.

ही वाट कशी असते ते समजून घ्या. पाड्यावरून उपकेंद्र, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, म्हणजे जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय, कासा किंवा डहाणू. तिथेही भूलतज्ज्ञ नसेल, रक्त नसेल, तर "पुढे न्या". पुढे म्हणजे जव्हार-मोखाड्याहून नाशिक किंवा ठाणे आणि डहाणू-तलासरीहून सिल्वासा नाहीतर वलसाड. महाराष्ट्रातला पेशंट दुसऱ्या राज्याच्या, केंद्रशासित प्रदेशाच्या दवाखान्यात बरा होतो, ही गोष्ट आपल्या सरकारला लाज वाटण्याजोगी आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. प्रत्येक ठिकाणी केस पेपर, प्रत्येक ठिकाणी गाडीची वाट. औषध जगात असतं, जिल्ह्यातही असतं, फक्त माणूस आणि औषध वेळेत भेटत नाहीत.

गाडीसाठी दोन नंबर आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. १०८ हा तातडीच्या कुठल्याही आजारासाठी किंवा अपघातासाठी. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. १०२ हा गरोदर बाई, बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी. तपासणी, बाळंतपण, सिझेरियन, रक्त, दवाखान्यातलं जेवण आणि घरी सोडणं हे सगळं सरकारी दवाखान्यात २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचेही पैसे घेत नाहीत. कुणी मागितले तर पावती मागा.

साप

भातलावणीच्या दिवसांत डहाणू, पालघर, विक्रमगड पट्ट्यात सर्पदंश खूप होतात. विषारी साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यातली मण्यार सगळ्यात फसवी. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि बरेचदा ना सूज ना दुखणं. पहाटे मूल पोट दुखतं म्हणून उठतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं अपचन झालंय. पावसाळ्यात खाली झोपलेल्या कुणाला अशी लक्षणं दिसली तर दंशाची खूण शोधत बसू नका, दवाखाना गाठा. कारखान्यांजवळच्या चाळींतसुद्धा लोक जमिनीवरच झोपतात, म्हणून ही फक्त पाड्यांवरची गोष्ट समजू नये. खाट शक्य नसेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपणं हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे.

चावलेला हात-पाय हलवू द्यायचा नाही, फळीला सैल बांधायचा. दोरी करकचून आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडाने चोखायचं नाही. साप मारून आणायची गरज नाही, कारण आपल्याकडची लस चारही सापांवर एकच आहे. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष धरतात. नाग-मण्यारीत रक्त गोठतं, तिथे डोळे, मान आणि श्वास बघावा लागतो. सुरुवातीला साधारण १० कुप्या लस देतात आणि लहान मुलालाही तेवढीच, कारण विष माणूस बघून कमी होत नाही. हे नातेवाइकांना माहीत असावं, "एवढ्याशा पोराला एवढी इंजेक्शनं?" म्हणून भांडणं होतात.

पाड्यावर भगताकडे नेतात, आपल्याकडे दम करून आणतात. दम करणाऱ्याला गाडीत बसवा आणि दवाखान्याच्या वाटेवर करू द्या. थांबून नको.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. आफ्रिकेची अडचण आपल्यापेक्षा मोठी आहे. तिथल्या सापांवर चालणारी एक नावाजलेली लस फ्रेंच कंपनीने २०१४ मध्ये बनवणं बंद केलं आणि अनेक देशांत कुप्याच मिळेनात. आपल्याकडे लस देशातच बनते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. इथे कमी पडतो तो वेळ.

पोषण

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं मेली तेव्हा मुंबईच्या मंत्रालयाला हा भाग दिसला. तेव्हापासून योजना खूप आल्या. त्यातली एक आपल्या माजी राष्ट्रपतींच्या नावाने आहे, डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम, पूर्ण जेवण मिळतं, आणि पुढे मुलांना अंडी किंवा केळी देणंही त्यात आलं. अडचण अशी की दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्टीवर आणि बांधकामावर भिवंडी-वसईकडे जातात, ती होळी-पावसाळ्यापर्यंत परततात. अंगणवाडी गावात राहते, मूल भट्टीवर.

मूल कुपोषित आहे का हे ओळखायला साधी रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. १२.५ पर्यंत पिवळा. आफ्रिकेत दुष्काळी छावण्यांमध्ये हीच पट्टी वापरतात, आणि इथियोपिया-मलावीसारख्या देशांतूनच हे पुढे आलं की गुंतागुंत नसलेल्या मुलाला दवाखान्यात न ठेवता घरीच खास आहार देऊन बरं करता येतं. आपल्याकडची ग्राम बाल विकास केंद्रं त्याच विचाराची. मूल सुस्त असेल, जेवत नसेल, ताप असेल तर मात्र पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं लागतं. ज्यांच्या वीटभट्ट्या आहेत, बांधकामाचे ठेके आहेत, असे आपल्यातलेही लोक आहेत. त्यांनी भट्टीवरच्या मुलांची यादी जवळच्या अंगणवाडी सेविकेला दिली तर तिला मुलं सापडतात. खर्च शून्य.

बोईसर-तारापूर

बाहेरच्या माणसाला तारापूर म्हटलं की अणुवीज केंद्र आठवतं. १९६९ मध्ये सुरू झालेलं ते देशातलं पहिलं. पण इथे राहणाऱ्याच्या नाकात रोज जो वास जातो तो एमआयडीसीचा, औषधं, रंग, रसायनं आणि कापड-प्रक्रियेच्या कारखान्यांचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये सगळ्यात प्रदूषित ठरलं, गुण ९३.६९. ७० च्या वर गेलं की परिस्थिती गंभीर मानतात. सांडपाणी नवापूर-दांडीच्या समुद्रात जाऊन मासळी गेली म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेने हरित लवादात दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना भरपाई भरायला सांगितलं. मच्छीमारांनी कोर्टात केलं ते काम बोईसरच्या आपल्या मोहल्ल्यांनी केलं नाही, हेही लिहायला हवं.

सालवड, पामटेंभी, कोलवडे, कुंभवली या गावांच्या आसपास राहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत, उलट पाणी आटून ती जास्त घट्ट होतात. बोअरच्या पाण्याला रंग किंवा वास असेल तर ते पिण्यासाठी वापरू नये आणि ग्रामपंचायतीमार्फत नमुना तपासायला द्यावा.

स्फोट आणि वायुगळती इथे नवीन नाहीत. जानेवारी २०२० मधल्या एका स्फोटात आठ माणसं गेली. झोंबणारा वास आला तर वाऱ्याच्या दिशेने पळू नका, वाऱ्याला आडवं निघा. नाकावर ओलं कापड धरा आणि बघायला गर्दी करू नका. मोबाईलवर व्हिडिओ काढणारे आधी सापडतात.

टीबी आणि कामगार

एका खोलीत सहा-सात जण, पाळ्यांत झोपणारे, खिडकी एक. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले आपले अनेक भाऊ असे राहतात. टीबीला याहून सोयीची जागा नाही. दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, एवढं झालं की थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषध फुकट, कोर्स साधारण सहा महिन्यांचा, गोळ्या रोज. आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते. सगळ्यात मोठं नुकसान होतं ते गावी जाताना. दोन महिन्यांत बरं वाटतं, गडी ईदला गावाला जातो, गोळ्या इथेच राहतात, आणि परत येतो तो औषधाला न जुमानणारा टीबी घेऊन. जाण्याआधी दवाखान्यात सांगितलं तर उपचार गावच्या केंद्रात बदलून मिळतो. रमजानमध्ये आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा आहे. ज्याला डॉक्टर रोजा ठेवू देतात, त्याने गोळ्या सहरीला घ्यायच्या की इफ्तारनंतर, हेही त्यांनाच विचारावं. गोळी मात्र एकही दिवस चुकवायची नाही.

लस आणि जुमा

२०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला. त्यात आपली मुलं गेली, आणि बरीचशी लस न घेतलेली होती. नायजेरियाच्या कानो राज्यात २००३ मध्ये पोलिओची लस मुसलमानांविरुद्धचा कट आहे म्हणून ती बंद पाडली गेली होती. सुमारे अकरा महिने. तेवढ्यात पोलिओ तिथून कितीतरी देशांत पोचला. शेवटी इंडोनेशिया या मुसलमान देशात बनलेली लस आणून, आणि पुढे तिथल्या उलेमा आणि अमिरांनी स्वतः पुढाकार घेऊन गाडी रुळावर आली. ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका खंड जंगली पोलिओपासून मुक्त जाहीर झालं. तिथल्या मशिदींनी जे केलं ते इथेही जमेल. जुम्याच्या खुतब्यानंतर एवढंच सांगायचं की नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. आशाताईला मोहल्ल्यात सोबत करायला दोन बायका दिल्या तर तिचं अर्धं काम होतं.

कार्ड

ज्या कारखान्यात दहा किंवा जास्त लोक आहेत आणि पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे, तिथल्या कामगाराचा ईएसआयसी विमा काढणं मालकावर बंधनकारक आहे, ठेकेदाराचा माणूस असला तरी. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ भरतो. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. टीबीसारख्या लांबच्या आजारात, दोन वर्षं विम्यात असण्याची आणि हप्त्यांची अट पुरी असेल तर, ८० टक्के पगार दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते पण कार्ड हातात नाही, अशी माणसं बोईसरमध्ये खूप आहेत. विमा नंबर ठेकेदाराकडून मागून घ्या, बायको-मुलांची नावं त्यात घाला. विमा नसलेल्यांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, रेशन कार्ड आणि आधार घेऊन जायचं. यादीतल्या दवाखान्याची खात्री १५५३८८ वर फोन करून आधी करावी. भरती झाल्यावर विचारायला गेलं तर बिल आधीच सुरू झालेलं असतं.